आईनं ओ दिली नाही

१

शाळा सुटली की मी भौतिकशास्त्राची पुस्तकं कपाटात कोंबायची, कोपऱ्यावरच्या बाईकडून केंके, म्हणजे पानात बांधलेला आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि तळलेला मासा घ्यायचा आणि आमच्या सेकोंडी बंदरातल्या जुन्या सिनेमा हॉलकडे चालू लागायचं. बॉब अमिसा आधीच येऊन बसलेला असायचा. साठी उलटलेला, पोट सुटलेला, तोंड न रंगवताही लोकांना हसवणारा हा माणूस आमच्या कॉन्सर्ट कंपनीचा मालक. आमच्याकडे कॉन्सर्ट म्हणजे आधी गाणी, मग टवाळी आणि शेवटी सगळ्यांना रडवणारं नाटक. बॉब दारं उघडायचा, ओटू गिटारच्या तारा लावायचा, मी केंकेचं पान चाटून पुसून टाकायचे आणि तालीम सुरू व्हायची.

"आमच्या कंपनीत स्त्री पार्ट करायला पहिल्यांदाच शाळेची बाई आलीय," बॉब रोज म्हणायचा, "आणि नेमकी हीच हमालासारखी चालते."

खोटं नव्हतं ते. तो पार्ट माझा नव्हताच. माझी धाकटी बहीण एकुआ तो करायची. तिला जाऊन वर्ष होणार होतं, आणि वर्ष भरेल त्या शनिवारी दुपारी तिचंच नाटक तिच्या नावानं करायचं, असं बॉबनं आणि मी ठरवलं होतं.

त्या दिवशी दुसरा प्रवेश चालू होता. मागून करकर आली. कोरे बूट घालून कोणी पाय हलवला की येते तशी.

तिघांनीही मागे बघितलं. हॉल रिकामा होता.

"पाल असेल," बॉब म्हणाला.

"पालीनं बूट कधीपासून घातले?" ओटू म्हणाला.

मी हसले. पत्र्याचं छप्पर, उतरतं ऊन, लाकूड आकसतं आणि वाजतं. हे मी मुलांना शिकवते. पण निघताना मागची दारं लावायला गेले तेव्हा शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची मला दिसली. त्या हॉलच्या खुर्च्या जुन्या पद्धतीच्या आहेत. माणूस उठला की बैठक स्प्रिंगनं आपोआप वर जाते. रांगेतल्या सगळ्या बैठका वर होत्या. ही एक खाली होती.

स्प्रिंग गंजली असेल, म्हणून मी ती हातानं वर ढकलली. ती गेली नाही. भरलेली गोणी ढकलल्यासारखं वाटलं. मी हात काढून घेतला, दार लावलं आणि नेहमीच्या चालीनं घरी गेले. पळायचं नाही, एवढं मात्र मला स्वतःला सांगावं लागलं.

२

आमच्यात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. बुधवारचा मुलगा क्वेकू, बुधवारची मुलगी एकुआ. माझ्या पाठीवरच्या मुलाला अर्थातच क्वेकू म्हणाले. चालता बोलता यायला लागल्यावर थोड्याच वर्षांत तिनं आईला सांगितलं, "आई, वार बरोबर आहे. नाव चुकलंय."

आई धुरीच्या भट्टीवर मासे उलटत होती. तिला तेव्हा गंमत वाटली. पुढे वाटली नाही.

एकुआ शाळा सोडून बॉबच्या कंपनीत गेली, कारण तिथे बायकांची कामं पुरुषच करत आलेले. स्टेजवर लुगडं नेसलेल्या पोराला आमच्या गावात कोणी काही म्हणत नाही, उलट शिट्ट्या मारतात. भानगड एवढीच झाली की एकुआ स्टेजवरून उतरल्यावरही बाईच राहिली. आई घराचं दार लावून घ्यायची आणि तिला एकुआ म्हणायची. दार उघडं असलं की नावच घ्यायची नाही. "अगं, इकडे बघ," एवढ्यावर भागवायची.

मग लॉरीतून गावोगाव हिंडताना एकुआनं स्वतः एक नाटक रचलं. घरातून हाकललेली मुलगी परत येते आणि दार वाजवते. बापाचं काम बॉबचं. तो आतून विचारतो, "कोण आहे बाहेर?" आणि ती म्हणते, "मी एकुआ. तुमची मुलगी." बाप दार उघडत नाही. मग प्रेक्षकच ओरडायला लागतात, "उघड की रे दार." आक्सिमपासून विनेबापर्यंत प्रत्येक गावात लोक असे ओरडले. आई ते बघायला कुठेही जायची आणि सगळ्यांत मागे बसायची. तिच्या मुलीचं नाव एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्यानं, फक्त तिथेच घेतलं जायचं.

टार्क्वाच्या रस्त्यावर लॉरी उलटली. बाकीचे खरचटून वाचले. एकुआ वाचली नाही.

आमच्यात गेलेलं माणूस आईच्या कुळाचं असतं, आणि आमच्या कुळाचा शब्द म्हणजे कोजो मामाचा शब्द. मामाच्या मागे त्याच्या घरावर, त्याच्या मानाच्या जागेवर मुलगा बसत नाही, भाचा बसतो. मामाला भाचा एकच होता, असं तो म्हणायचा. त्यानं तिचे केस कापवले. नखांचा रंग पात्यानं खरवडायला लावला. कमरेचे मणी तोडले. तपकिरी सूट शिवून आणला, टाय, कोरे बूट. मी शवागाराच्या दारात त्याच्याशी भांडले. दोन मावसभावांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. तोवर गावभर भिंतींवर पोस्टर लागले होते. शाळेतला जुना फोटो आणि खाली क्वेकू.

शेवटच्या दर्शनासाठी पितळी पलंगावर तो सूट निजवला होता. बायकांनी आईला धरून जवळ नेलं. "हाक मार लेकराला," त्या म्हणाल्या. "रड. मोकळी हो."

आईनं वाकून नीट बघितलं. मग विचारलं, "हा कोण आहे?"

धक्क्यानं डोकं फिरलंय तिचं, असं म्हणत बायकांनी तिला बाहेर नेलं. आई त्या दिवशी रडली नाही. नंतरही नाही.

३

खुर्चीबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. करकर रोज यायची, आम्ही रोज मागे बघायचो, मग बघणं सोडलं. सवय होते. एका दुपारी मात्र बॉब सहज म्हणाला, "तुमच्या कुळातला तो पोरगा आत का येऊन बसत नाही? दाराच्या अंधारात उभा राहतो. चांगला सूट घालून येतो बिचारा, या उकाड्यात."

"कोण पोरगा?"

"मला कसं ठाऊक. पाठमोरा दिसला."

मी विषय बदलला. मामानं लक्ष ठेवायला कोणाला पाठवलं असेल, असं मी मनाशी ठरवलं. त्यानं खुर्चीचं कोडं सुटत नव्हतं, पण मला ते सोडवायचंही नव्हतं.

मग ओटूनं एक गाणं सुरू केलं आणि मध्येच थांबून म्हणाला, "क्वेकू हे खालच्या पट्टीत घ्यायचा."

बॉबचं तोंड उतरलं. कंपनीत ते नाव कोणी कधी घेतलं नव्हतं. ओटू तर एकुआच्या शेजारी बसून इतकी वर्षं जेवलेला.

"काय म्हणालास?"

"काय म्हणालो?" ओटूनं खरंच विचारलं. त्याला आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी बॉब स्वतःच म्हणाला, "तो इथे उजवीकडून यायचा." म्हणाला आणि तोंडावर हात ठेवून खाली बसला. "मला काय झालंय, आराबा? ती... ती कशी चालायची? दाखव बघू मला."

मी दाखवायला उठले. उजवा हात कमरेवर ठेवला आणि थांबले. तिची चाल मला आठवेना. डोळे मिटले, तर एक मुलगा चालत येताना दिसला, नीट, सरळ, हात खाली सोडून. मी तिचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. मला ताई म्हणून हाक मारताना ती शेवट जरा लांबवायची. कानात हाक आली. जाड, सपाट आणि अनोळखी.

मी विज्ञान शिकवते. दुःखात स्मरणशक्तीचा भरवसा नसतो, हे मला माहीत आहे. पण तिघांची स्मरणशक्ती एकाच दिशेनं कशी जाते, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मागे करकर झाली. या वेळी ती मधल्या रांगेतून आली.

४

आई भट्टीजवळ होती. धुरानं डोळे लाल झालेले, हात मात्र सवयीनं जाळीवरचे मासे फिरवत होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. खुर्ची, बूट, ओटू, बॉब. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"इथेही येतो," ती म्हणाली.

"कोण?"

"दुपारी येतो. माणसं कामावर असतात तेव्हा. त्या तिथे, चौकटीत उभा राहतो. मी वर बघत नाही. खाली बूट दिसतात. अजून कोरेच आहेत ते. मातीच लागलेली नाही."

मी चौकटीकडे बघितलं. अंगणातलं पांढरं ऊन तिच्यातून आत आलं होतं. बाकी काही नव्हतं.

"आई, आपली एकुआ असेल ती."

"नाही." आईनं एक मासा उलटला. "माझी पोर आली असती तर चौकटीत उभी राहिली असती का? आधी मडक्यात हात घातला असता तिनं. हा वाट बघतो. 'आई' म्हणतो. मग गप्प राहतो, मग परत म्हणतो. मी ओ देत नाही."

"कधीपासून?"

"पुरलं तेव्हापासून."

वर्षभर ती हे एकटीनं सोसत होती. मला एकदम तिचा राग आला आणि तितकाच अभिमान वाटला.

"एकदा ओ दिली तर काय होईल?" मी विचारलं.

"मला नाही माहीत. पण तो एवढा आशेनं विचारतो म्हणजे ती द्यायची नाही, एवढं कळतं." तिनं हात पुसले. "आराबा, परवा मी तिचं नाव घ्यायला गेले आणि जिभेवर दुसरंच आलं. मी जीभ चावली. बघ." तिनं तोंड उघडून दाखवलं. जिभेवर काळी खूण होती. "हे नाटक करा. काही झालं तरी करा."

५

दुसऱ्या दिवशी कोजो मामा तालमीत आला. उंच, ताठ, खांद्यावर घेतलेल्या काळ्या वस्त्राची घडीसुद्धा न विस्कटलेली. सोबत ते दोन मावसभाऊ होते.

"बंद करा हे," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाची थट्टा लावलीत तुम्ही."

"थट्टा माझा धंदा आहे, साहेब," बॉब म्हणाला. "पण हे त्यातलं नाही. बसा ना. पहिल्या रांगेत जागा देतो."

"अमिसा, तू त्याला नासवलंस. पोरगा चांगला होता."

"मामा," मी म्हणाले, "तिचं नाव एकुआ होतं. तुला ठाऊक होतं. तिनं तुला तोंडावर सांगितलं होतं."

मला वाटलं, तो ओरडेल. पण त्याचा चेहरा निवळला आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"तू हट्टी आहेस. आईवर गेलीस," तो म्हणाला. "पण तो बदललाय आता. माझ्याकडे येतो. रविवारी माझ्याबरोबर बसला होता, नीट सूट घालून. जिवंतपणी एकदा तरी बसला का असा? वाद नाही, उलट उत्तर नाही." त्याचे डोळे भरून आले होते. "मला म्हातारपणी भाचा मिळालाय, आराबा. फक्त त्याच्या आईनं त्याला एकदा ओ दिली पाहिजे. तेवढंच राहिलंय त्याचं."

मावसभाऊ जमिनीकडे बघत होते. त्यांनीही काहीतरी बघितलं असणार.

"प्रयोग शनिवारीच होईल," मी म्हणाले.

"मग मी येईन," मामा म्हणाला, "आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवा."

६

शनिवारी हॉल भरला. बाजारातल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या, कोळी, रेल्वेतली माणसं, माझ्या शाळेतले दोघे शिक्षक, खिडक्यांत पोरं. मामा पहिल्या रांगेत बसला. त्याच्या शेजारच्या खुर्चीची बैठक वर होती. आई नेहमीसारखी शेवटी बसली.

गाणी झाली. बॉबनं मामाच्या ताठ मानेवरसुद्धा एक विनोद केला आणि लोक खिदळले. मग दाराचा प्रवेश आला.

स्टेजच्या मध्ये लाकडी चौकटीवर ताणलेलं कापडी दार. पुढच्या बाजूला बॉब, म्हणजे बाप. मागे, प्रेक्षकांना दिसत नाही अशा जागी, मी. तिथे फारसा उजेड नसतो. एकुआचा झगा मी घातला होता. बाजूला विंगेत चढायच्या लाकडी पायऱ्या.

मी दार वाजवलं.

पायऱ्यांवर करकर झाली. एक पायरी. मग दुसरी.

मी वळले नाही. कापडाच्या विणीकडे बघत राहिले. शवागारातला तो वास आला, औषधाचा आणि नव्या कापडाचा. कोणीतरी माझ्या अगदी शेजारी येऊन दाराकडे तोंड करून उभं राहिलं. श्वास ऐकू येत नव्हता. पलीकडे बॉब घसा खाकरला आणि त्यानं विचारलं,

"कोण आहे बाहेर?"

मला उत्तर माहीत होतं. वर्षानुवर्षं ऐकलेलं, महिनाभर घोकलेलं. मी तोंड उघडलं. नाव नव्हतं. जिथे ते असायला हवं तिथे गुळगुळीत रिकामी जागा होती, आणि त्या जागेत दुसरं नाव सरकत येत होतं. माझे ओठ 'क्वे'साठी गोल व्हायला लागले. ते मला जाणवत होतं. मी दात आवळले.

"कोण आहे बाहेर?" बॉबनं पुन्हा विचारलं. आवाज कापत होता. त्यालाही वास आला असावा.

माझ्या बाजूनं एक हात पुढे आला, दार वाजवायला. तपकिरी बाही. बाहीतून निघालेलं मनगट, माझ्या बहिणीचं, बारीक. नखं पांढरट, पात्यानं कातडीपर्यंत खरवडलेली. त्याहून जास्त मी बघितलं नाही. चेहरा बघितला असता तर आज ही गोष्ट मी सांगत नसते, किंवा दुसऱ्याच माणसाची सांगत असते.

"आई," तो म्हणाला. दाराला नाही. दारापलीकडच्या हॉलला.

आणि हॉलच्या अगदी मागून आईचा आवाज आला. बाजारात सकाळी मासे विकतानाचा, लाटांवरून जाणारा आवाज.

"एकुआ आहे बाहेर. माझी मुलगी एकुआ. बुधवारी झाली, माझ्या पोटी झाली. उघड दार."

मग बाजारातली कोणीतरी म्हातारी म्हणाली, "एकुआच ती. उघड की." मग ओटू. मग खिडकीतली पोरं. मग सगळ्या रांगा, जुन्या सवयीनं, पाय आपटत, "एकुआ, एकुआ, उघड दार." ते नाव माझ्या पायाखालच्या फळ्यांतून वर चढलं आणि तोंडात आलं. मी ते घट्ट धरलं आणि ओरडले, "मी एकुआ. तुमची मुलगी."

हात मागे गेला.

बॉबनं दार उघडलं. या नाटकात बाप दार उघडत नाही. त्यानं उघडलं आणि तो रडत होता. रंगाचे ओघळ गळ्यापर्यंत आले होते.

पायऱ्या करकरल्या, या वेळी उतरताना. मधल्या वाटेवरून काहीतरी मागे निघालं. दिसलं कोणालाच नाही, पण कडेच्या खुर्च्यांवरची माणसं एकेक करून पाय आत घेत होती. वाटेच्या दुसऱ्या टोकाला आई उभी होती. ती बाजूला झाली नाही. करकर तिच्यासमोर येऊन थांबली.

"मी तुझी आई नाही," ती म्हणाली. आवाज शांत होता, तरी स्टेजपर्यंत ऐकू आला. "तुझ्यावर माझा राग नाही. पण तुला मी जन्म दिला नाही. ज्यानं तुला शिवून घेतलं त्याच्याकडे जा."

मग करकर वळली आणि पुढे आली, पहिल्या रांगेपर्यंत. मामाच्या शेजारच्या खुर्चीची बैठक सावकाश खाली गेली.

मामानं त्या खुर्चीकडे बघितलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते शेजारी येऊन बसलं होतं, आणि त्याला उठून जाता येत नव्हतं.

मग आई रडली. पलंगाजवळ जे रडायचं राहिलं होतं ते सगळं, उभ्यानं, नाव घेत, आमच्या बायका रडतात तसं गात. बाजारातल्या बायकांनी तिच्या मागे सूर धरला. आम्ही नाटक पुढे केलं नाही. त्याची गरज नव्हती.

७

पावसाळा संपता संपता मामा आमच्या भट्टीवर आला. भर दुपार होती. त्याच्या अंगावरचं वस्त्र चुरगळलेलं होतं आणि तो वाळला होता.

"तो जात नाही गं," तो आईला म्हणाला. "जेवायला बसलो की समोर बसतो. मी बोलतो, तो नुसता बघतो. मी म्हटलं, लहानपणचं काहीतरी सांग. तुला मी खांद्यावर घेऊन बंदरात बोटी दाखवल्या होत्या, ते आठवतं का? काही नाही."

"त्याला कसं आठवेल? बोटी एकुआनं बघितल्या होत्या."

मामा मातीतच बसला. इतक्या वर्षांत मी त्याला जमिनीवर बसलेला बघितला नव्हता. "तिला बोटी आवडायच्या," तो म्हणाला. तिला, असं म्हणाला. मग एकदम रडायला लागला. "त्याला घेऊन जा तुझ्याकडे. तू आई आहेस. एकदा ओ दे, म्हणजे सुटेल तो."

आईनं त्याला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. तो तिचा भाऊच होता शेवटी.

"नाही, दादा," ती म्हणाली. "पोस्टर लावलेस तिथे जा आणि त्याच भिंतींवर तिचं नाव लाव. मग बघू."

त्यानं अजून लावलेलं नाही. चावडीवर विषय काढतो आणि गप्प बसतो, असं ऐकते. त्याच्या घरी कोणी जेवायला जात नाही. मी मात्र अधूनमधून जाते. दारात उभी राहून बोलते, आत जात नाही.

कंपनी पुन्हा गावोगाव हिंडायला लागली. शाळेला सुट्टी असली की मीही जाते, आणि आक्सिमच्या प्रयोगाला आई पहिल्यांदा आमच्याबरोबर लॉरीत बसली. बॉबशेजारची पुढची जागा तिनं मागून घेतली. वाटेत एक बाळंतीण चढली, मूल पाठीशी बांधलेली. लॉरी खड्ड्यांतून आदळत होती आणि ती आईशी गप्पा मारत होती.

"तुम्हाला किती मुलं, मावशी?"

"दोघी मुलीच," आई म्हणाली. "ही थोरली, शाळेत शिकवते. धाकटी एकुआ. ती गेली. हिच्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करायची."

"आणि मुलगा?"

"मुलगा मला कधीच झाला नाही," आई म्हणाली आणि बाळाला बघायला तिनं हात पुढे केले.